घाटापलीकडचे कॉलेज

कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलमध्ये बसले, की टिटवाळ्यानंतर खडवली लागते. भातसा नदीकाठचे हे गाव. सकाळी फलाटावर पाहावे, तर कामावर निघालेल्या माणसांच्या बरोबरीने कॉलेजची मुलेमुली उभी असतात. कोणी कल्याणला जाणारे, कोणी त्याही पुढे. उलट दिशेने गेलात तर वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी करीत गाडी कसाऱ्याला पोचते. लोकल तिथे संपते आणि गंमत अशी, की मुंबई विद्यापीठाची हद्दही तिथेच संपते. घाट चढून इगतपुरीला उतरलात, की जिल्हा नाशिक आणि विद्यापीठ पुण्याचे! रूळ तेच, बोलीही फारशी निराळी नाही. पण कॉलेजात शिकणाऱ्या मुलाला ती वेसच म्हणायची.

पूर्वी ही वेस नव्हती. मुंबई विद्यापीठ 1857 साली निघाले, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षे पुण्याची, नाशिकची कॉलेजेही त्यालाच जोडलेली होती. पुण्याचे कॉलेज सोडून मुंबईला आलेला विद्यार्थी कॉलेज बदलीत असे, विद्यापीठ नव्हे. पुण्याचे स्वतंत्र विद्यापीठ 1949 साली झाले; 2014 पासून त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. विद्यापीठे वाढली हे चांगलेच झाले. पण पहिले वर्ष एका ठिकाणी आणि दुसरे दुसरीकडे करू म्हणणाऱ्याला आता दोन कचेऱ्यांची दारे ओलांडावी लागतात.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक आधी सांगतो. काही वर्षांमागे आमच्या कॉलेजातला एक मुलगा एफ.वाय. पास होऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, पुण्याला मामाकडे राहून शिकणार. दाखल्याच्या अर्जावर सही हवी." मुलगा हुशार होता. मी शाबासकी दिली आणि सही केली. पुण्यात कुठे जागा आहे, कोणी हो म्हटले आहे का, एक अक्षर विचारले नाही. ऑगस्टमध्ये तो परत आला. तिकडे दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा नव्हती, आणि इकडची त्याची जागा दाखला घेतल्यामुळे गेलेली. वर्ष फुकट गेले. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपण मुलांना सांगतो. मी मात्र ते सांगायला हवे त्याच दिवशी विसरलो.

म्हणून पहिली गोष्ट ही, की दाखला शेवटी काढावा. आधी नव्या कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाला जागा आहे का, हे विचारावे. असली तर पहिल्या वर्षाची गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवावी. आपले विषय तिथे मान्य होतात का, काही राहिलेले विषय पुन्हा द्यावे लागतील का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. ए.टी.के.टी. असेल, म्हणजे एखादा विषय राहिला असेल, तर तेही लपवू नये. पुष्कळ ठिकाणी तो विषय सुटल्याशिवाय प्रवेश देत नाहीत. लेखी होकार हातात आला, की मग जुन्या कॉलेजचा दाखला, मग जुन्या विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र, ज्याला मुले मायग्रेशन म्हणतात, आणि शेवटी नव्या विद्यापीठाची पात्रता. हा क्रम उलटा झाला, की पोरगे दोन्हीकडून अधांतरी राहते.

कोणी म्हणेल, आता तर श्रेयांकांची बँक निघाली आहे! खरे आहे. 2021 पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने ही सोय केली आहे. नव्या शैक्षणिक धोरणात साधारण 15 तासांच्या शिकवणीला एक श्रेयांक धरतात. पहिल्या वर्षाचे 40 ते 44 श्रेयांक होतात, आणि ते विद्यार्थ्याच्या नावावर जमा राहतात. कमावलेले बुडत नाही, हा मोठा आधार आहे. पण श्रोतेहो, खात्यात पैसे आहेत म्हणून हव्या त्या दुकानात हवा तो माल मिळतोच असे नाही. श्रेयांक जमा असले, तरी नव्या कॉलेजात बाक रिकामा हवा आणि विषयाशी विषय जुळायला हवा. हे दोन प्रश्न बँक सोडवीत नाही. ते आपल्यालाच जाऊन विचारावे लागतात.

आता दुसरी हकिगत. गेल्या वर्षी मे महिन्यात खडवलीची एक मुलगी वडिलांना घेऊन आली. वडील रेल्वेत. त्यांची बदली घाटापलीकडे, नाशिक जिल्ह्यातल्या एका स्टेशनावर झालेली. मुलगी कल्याणला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला; मुख्य विषय भूगोल. वडील म्हणाले, "सर, तिकडं कुठंतरी नाव घालू. एखादं वर्ष गेलं तर गेलं, त्यात काय?" मुलगी खाली मान घालून उभी. मला त्या पुण्याला गेलेल्या मुलाची आठवण झाली. मी म्हटले, "अहो, मुलाचे वर्ष गेले तर वर्षच जाते. मुलीचे वर्ष गेले, की घरात दुसऱ्या गोष्टी सुरू होतात, आणि मग सगळे शिक्षणच जाते." ते काही बोलले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

मग आम्ही तिघे बसलो. दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी नव्या ठिकाणच्या कॉलेजात फोन केला. तेव्हा कळले, की घराजवळच्या त्या कॉलेजात भूगोल मुख्य विषय म्हणून शेवटपर्यंत नाही. म्हणजे तिथे जायचे तर मुलीने विषयही बदलायचा! तेव्हा मुलगी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बाबा, मी आत्याकडे राहते. शनिवारी येत जाईन." आत्या खडवलीतच. बदली वडिलांची झाली होती. मुलीच्या शिक्षणाची बदली करण्याचे कारण नव्हते. आज ती दुसरे वर्ष पुरे करीत आहे.

सगळ्यांनाच आत्या नसते, हे मला ठाऊक आहे. कोणाला खरोखरच जावे लागते. त्याने खुशाल जावे, क्रम तेवढा सांभाळावा. ज्या घराच्या बदल्या वारंवार होतात, त्यांनी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचाही विचार करावा. ते 1989 साली नाशिकला निघाले आणि त्याची हद्द सबंध महाराष्ट्र आहे. गाव बदलले तरी विद्यापीठ बदलत नाही. आणि ज्याला केवळ पहिले सहा महिने करमले नाही म्हणून जायचे आहे, त्याने आणखी एक सत्र थांबून पाहावे. नव्या ठिकाणचेही पहिले सहा महिने करमत नाहीत.

शेवटी माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. खेड्यातला मुलगा कॉलेजात गेला, तरी अडले म्हणजे आपल्या शाळेतल्या सरांकडे, बाईंकडेच येतो. तो आला, तर नुसते "जा, मोठा हो" म्हणू नका. त्याला बसवून घ्या आणि तीन गोष्टी विचारा: जागा आहे का, विषय जुळतात का, होकार लेखी आहे का? कसाऱ्याला घाट चढण्याआधी पुष्कळ गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. त्यासाठी गाडी थोडा वेळ थांबते. पण मग घाटात अडत नाही. आपल्या मुलांनाही घाट चढण्यापूर्वी तेवढे थांबवू या.