जव्हार : राजवाड्याच्या पलीकडे

जुने गाव पाहायचे म्हटले, की र्‍हाइन नदीच्या काठची किल्ल्या-मनोऱ्यांची जर्मन गावे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. पाहण्याजोगी जुनी गावे आपल्याकडे नाहीत काय? आहेत की! पालघर जिल्ह्यातले जव्हार घ्या. नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकले, घाट उतरला, की मोखाडा लागतो आणि मग जव्हार.

येथे मुकणे घराण्याचे राज्य १३४३ पासून १९४८ पर्यंत, म्हणजे सहा शतके नांदले. मूळ पुरुष जयबा हा महादेव कोळी. बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने मागितली आणि मग त्या कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढला, अशी दंतकथा आहे. गंमत अशी, की कार्थेजच्या डायडो राणीविषयीही हीच कथा सांगतात! १६६४ मध्ये सुरतेला जाताना शिवाजी महाराज जवळच्या शिरपामाळावर थांबले होते, असे मानतात. तो माळ पाहा, जयविलास राजवाडा पाहा, दाभोशाचा धबधबाही पाहा.

पण एवढे पाहून परतू नका. ज्या मुलखाचे हे राज्य होते, त्याची नदीही पाहा. त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा मोखाड्याच्या दऱ्यांतून वाहते. तिच्यावर १९५७ साली मोडकसागर झाला. २०१४ साली मोखाडा तालुक्यातच मध्य वैतरणा धरण पुरे झाले. दोन्हींचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. आणि मोखाड्यात? चैत्र-वैशाखात विहिरी तळाला जातात. बायाबापड्या डोक्यावर हंडे घेऊन डोंगर चढतात, टँकरची वाट पाहत बसतात.

पाऊस येथे कमी पडतो, असे मुळीच नाही. तो धो धो पडतो. पण कातळाच्या उतारावरून धावत दरीत जातो. नदी खाली, पाडे माथ्यावर. पाणी वर चढवायचे तर खर्च आला. मुंबईसाठी तो झाला. पाड्यांच्या वाट्याला पुरेसा आला नाही.

म्हणून म्हणतो, जव्हारला धबधब्यासाठी पावसाळ्यात जा, तसे एकदा उन्हाळ्यातही जा. एखाद्या पाड्यावर कोणी आपल्यापुढे तांब्याभर पाणी ठेवील. ते कुठून, किती चढण चढून आले, एवढे विचारा. आपण मुंबईकर असाल, तर अवश्य विचारा.