चौकातील यांत्रिक डोळा

राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू अथवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू घडले, की शासकीय व्याख्येप्रमाणे तो पट्टा ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. म्हणजे धोक्यावर शिक्कामोर्तब होईपर्यंत माणसे दगावलेली असतात.

2021 मध्ये नागपुरात सुरू झालेल्या ‘आय-रस्ते’ प्रकल्पाने याच उणिवेला हात घातला. महानगरपालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी आणि केंद्रीय मार्ग संशोधन संस्था त्यात सहभागी झाल्या. शहर बसवर कॅमेरे बसविण्यात आले. समोरचे वाहन अथवा पादचारी धोकादायक अंतरात आला, की चालकास इशारा मिळतो. जेथे असे इशारे वारंवार मिळतात ती जागा, अपघात घडण्याआधीच, ‘ग्रे स्पॉट’ म्हणून नोंदली जाते.

इशारा क्षणात हवा. चित्र दूरच्या केंद्राकडे पाठवून उत्तराची वाट पाहता येत नाही. पाहणे आणि उमजणे गाडीतच व्हावे लागते. हे तत्त्व शाळेच्या प्रयोगशाळेतही अभ्यासता येते. त्यासाठी 2012 मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलेला, लिनक्सवर चालणारा रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक, एक कॅमेरा आणि ‘ओपन सीव्ही’ ही आज्ञावली पुरते. इंटेलमध्ये 1999 साली आरंभ झालेली ही आज्ञावली विनामूल्य आहे.

प्रथम कॅमेरा एकटाच छायाचित्र टिपतो ना, हे पाहावे. अन्यथा पुढे दोष नेमका कोठे आहे ते कळत नाही. नंतर लिनक्सच्या भांडारातील तयार आवृत्ती उतरवून घ्यावी. हे काम काही मिनिटांचे आहे. मूळ संहितेपासून बांधणी करण्याची हौस असणाऱ्यांनी कित्येक तासांची तयारी ठेवावी. मेमरी एक जीबी असेल तर बांधणी बहुधा मध्येच कोलमडते. तेव्हा कार्डावर स्वॅपची जागा वाढवावी आणि एका वेळी एकच काम चालू द्यावे.

मोबाइलच्या दुबळ्या चार्जरवर हा संगणक अडखळतो. त्याहून मोठा शत्रू नागपूरचा मे महिना! तापमान 80 अंशांच्या पुढे गेले, की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो; बाहेर 45 अंश असताना उन्हातील बंद पत्र्याच्या पेटीत ही वेळ लवकर येते. सावली, हवेची वाट आणि छोटा पंखा यांची तरतूद खर्चाच्या अंदाजपत्रकातच असावी.

गावच्या फाट्यावर वाहने मोजण्यासाठी हे साधन लावावयाचे असल्यास ग्रामपंचायतीने केवळ आकडे साठवावेत. माणसांचे चेहरे जपून ठेवण्याचे काहीच कारण नाही. पहिल्या दिवशी एक तास विद्यार्थ्यांनी हाताने वाहने मोजून यंत्राचा आकडा ताडून पाहावा, आणि रात्री व पावसात ती पडताळणी पुन्हा करावी.