गोळी चालू, तरी गुठळी?

परवा बेगडेवाडीला लोकलची वाट बघत होतो. शेजारी एक काका, हातात रिपोर्टची पिशवी. म्हणाले, "डॉक्टर, रक्त पातळ व्हायची गोळी रोज घेतोय, एक दिवस चुकवली नाही. तरी पायात परत गुठळी कशी?"

मी विचारलं, "घेता कधी?"

"सकाळी चहाबरोबर. एकादशीला तर दिवसभर चहाच."

देहू हाकेच्या अंतरावर, वारकरी माणूस. गोळी होती रिव्हरॉक्सबान, २० मिलिग्रॅम. ही जेवणाबरोबरच घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली, तर जवळपास एक तृतीयांश औषध अंगी लागतच नाही. ॲपिक्सबानला ही अट नाही. म्हणून आपली गोळी नेमकी कोणती, हे माहीत हवं. काकांना गुठळी यामुळेच झाली, असं प्लॅटफॉर्मवर बसून सांगता येत नाही. पण पहिला प्रश्न हाच.

वॉरफेरिन किंवा असिनोकुमरॉल असेल, तर हिशोब वेगळा. मेथी, पालक, अळू यांत व्हिटॅमिन के भरपूर, आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. भाजी सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. रक्ताची आयएनआर तपासणी चुकवू नका. पायातल्या गुठळीसाठी आकडा साधारण २ ते ३ मध्ये लागतो. कृत्रिम धातूची झडप असेल तर बहुतेकदा त्याहून जास्त.

दुसरा प्रश्न, नवीन औषध काही सुरू झालंय का? टीबीचं रिफाम्पिसिन, फिटची फेनिटोइन, कार्बामाझेपिन, ही या गोळ्यांचा जोर कमी करू शकतात.

आणि सगळं चोख असूनही गुठळी झाली तर? मग कारण शरीरात शोधायचं. कधी लपलेला कॅन्सर असतो, कधी अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम. या सिंड्रोमच्या जास्त जोखमीच्या रुग्णांवर इटलीत अभ्यास झाला, २०१८ साली तो छापून आला. रिव्हरॉक्सबानवाल्यांना वॉरफेरिनवाल्यांपेक्षा जास्त त्रास झाला, म्हणून तो मध्येच थांबवावा लागला. म्हणजे नवी गोळी प्रत्येकाला चांगलीच, असं नाही.

एक पक्कं लक्षात ठेवा. अचानक धाप, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं: लगेच १०८ लावा. एकच पाय सुजला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मनाने डबल गोळी घेऊ नका, रक्तस्राव होईल. मनाने बंदही करू नका.

काकांना म्हटलं, "रिपोर्टबरोबर घरातल्या सगळ्या गोळ्याही पिशवीत घाला, आयुर्वेदिक काढासुद्धा. आणि एकादशीचं डॉक्टरांना सांगा."

काका म्हणाले, "ते त्यांनी कधी विचारलंच नाही हो."

नसेल विचारलं, तर आपण सांगायचं. भेटू पुढच्या भागात.