वैशाखाचा ताप आणि श्रावणात उलटणारी गाय

संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यात किराणा, शाळेची फी, दवाखाना हे सगळं दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर चालतं. गाय वेळेवर गाभण राहिली नाही तर तो पगार आटतो. म्हणून हा विषय एकट्या पशुवैद्यकाचा नाही.

श्रावणात एक तक्रार हमखास ऐकू येते. चारा हिरवा आहे, हवा गार आहे, गायीच्या अंगावर तकाकी आहे, तरी ती दर एकवीस दिवसांनी उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. मग संशय पहिल्यांदा कृत्रिम रेतनाच्या कांडीवर येतो आणि त्यानंतर कांडी भरणाऱ्यावर. तिसऱ्या-चौथ्या वेळेला गाय बाजारात जाते. दोष कधी कांडीचाही असतो, नाही असं नाही. पण पुष्कळदा नुकसान वैशाख-ज्येष्ठातच होऊन गेलेलं असतं. आज सुटणारं स्त्रीबीज आज तयार झालेलं नसतं. ज्या पुटकात ते वाढतं, त्या पुटकाच्या वाढीचा शेवटचा टप्पाच साधारण चाळीस-पन्नास दिवसांचा असतो. त्या दिवसांत गाय तापलेली असेल तर बीज कमकुवतच राहतं. पाऊस पडल्यावर ते सुधारत नाही. त्याच्या मागून वाढणारी निरोगी बीजं पुढे यायला काही आठवडे जावे लागतात.

गायीच्या शरीराचं तापमान साधारण 38.5 अंश सेल्सिअस असतं. आपली संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) गाय मूळच्या ज्या जातीची, ती जात नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या थंड किनारपट्टीवर घडली. शिवाय रवंथ आणि दूध या दोन्हींतून तिच्या शरीरात उष्णता तयार होत राहते. दूध जितकं जास्त, तितकी ही आतली भट्टी मोठी. ही उष्णता बाहेर टाकता यावी म्हणून रक्त कातडीकडे धावतं आणि गर्भाशयाचा वाटा कमी होतो. गाय वैरण कमी खाते. माज घडवणाऱ्या संप्रेरकांची लय बिघडते. माज थोडा वेळ टिकतो, मुका राहतो, नाहीतर रात्रीच येऊन जातो. ती हंबरत नाही, दुसरीवर उडत नाही, माजाचा चिकट स्राव, म्हणजे सोटही नजरेत भरत नाही. दुपारी गोठ्यात चक्कर मारून हा माज सापडणार नाही. रात्री दहाला आणि पहाटे पाचला पाहावं लागतं. बहुतेक घरांत हे काम बाईच करते. तिने पाहिलेलं तारखेनिशी वहीत लिहून ठेवा.

गाय गाभण राहिली तरी धोका टळत नाही. पहिले दोन दिवस सर्वांत नाजूक. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी 1993 मध्ये दाखवलं की, माजानंतर पहिल्याच दिवशी गाय तापली तर गर्भ दगावण्याचं प्रमाण वाढतं. तिसऱ्या दिवसापासून गर्भ तोच ताप बऱ्यापैकी सोसतो. आणि आपण काय करतो? भर उन्हात माजावरची गाय दूरच्या खोड्यापर्यंत चालवत नेतो, रेतन करून घेतो आणि परत आणून पत्र्याखाली बांधतो.

नुसत्या तापमापकावर विसंबू नका. हवेतली आर्द्रताही मोजावी लागते. या दोन्हींचा मिळून जो निर्देशांक काढतात, तो 72 च्या पुढे गेला की गायीला ताण सुरू होतो. भरपूर दूध देणाऱ्या गायीला तर 68 पासूनच. 25 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असली की आपण 72 च्या उंबरठ्यावर असतो. मे महिन्यातले कोरडे 40 अंश आणि 30 टक्के आर्द्रता मिळून निर्देशांक 86 होतो. जूनमधले दमट 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता घेतली तरी तो जवळपास तेवढाच भरतो. आभाळ आलं म्हणून पंखे बंद करणं चुकीचं आहे, ते यामुळेच.

इस्रायलच्या दूधउत्पादकांनी कडक उन्हाळ्यातही एचएफ गाय टिकवली ती पाणी आणि वारा एकत्र वापरून. अंग चिंब भिजवायचं, मग चार-पाच मिनिटं जोराचा पंखा, पुन्हा पाणी. बंद गोठ्यात नुसते फॉगर लावले तर दमटपणा वाढतो आणि गाय अधिकच घुसमटते. पत्र्यावर उसाचं पाचट टाका, बाजू मोकळ्या ठेवा, मुक्त संचार गोठ्यात लिंबाची सावली ठेवा, पाणी रात्रंदिवस समोर असू द्या. वैरणीचा मोठा वाटा पहाटे आणि रात्री घाला. आणि भाकड काळातल्या गाभण गायीला विसरू नका. दूध नाही म्हणून तिला उन्हाच्या बाजूला बांधतात, हे मला फार खटकतं. त्या काळात ती तापली तर पुढच्या वेताचं दूध घटतं आणि पोटातलं वासरूही कमी वजनाचं जन्मतं.

गीर, खिलार, देवणी, लाल कंधारी या गायी उन्हाला अधिक काटक आहेत, आणि त्यांच्या कुळातल्या गायींचा कोवळा गर्भही ताप जास्त सोसतो. पण त्यांचं दूध कमी असतं, म्हणून सगळा कळप बदला असं मी सांगणार नाही. ज्याच्या दावणीला एचएफ आहे, त्याने सावली, पाणी आणि पंख्याचा खर्च गायीच्या किमतीतच धरावा.

उद्या दुपारी दोन वाजता घड्याळ घेऊन गोठ्यात जा. गाय शांत उभी असताना तिची कूस मिनिटाला किती वेळा हलते, म्हणजे ती किती श्वास घेते, ते मोजा. आकडा साठच्या वर गेला, तर पुढची कांडी भरण्याआधी पाण्याची आणि पंख्याची सोय करा.