हौद्याच्या कडेला एक खुर्ची

आज फिजिओथेरपीची पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आपल्या शिराळ्यात आहे. पण इथल्या पोराची मारुतीशी खरी ओळख होते ती तालमीत. लंगोट कसायचा, तसबिरीला हात जोडायचे आणि हौद्यात उतरायचं. याच तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर असेच घडले. १९६० साली ते हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांतून त्यांनी ग्रीको-रोमनचं सुवर्ण आणि फ्रीस्टाइलचं रौप्य आणलं, १९६४ ला टोकिओ ऑलिंपिकला गेले. त्यांच्या तालुक्यात उभं राहून खेळातल्या दुखापतींविषयी बोलायला मिळतंय, याचा मला फार आनंद आहे.

पण आज मला एका गुडघ्याविषयी बोलायचंय.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांना गादीवर लढायची सवय नव्हती, तरी ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हे आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. त्यानंतरचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. पुढच्या ऑलिंपिकच्या आधी त्यांचा गुडघा दुखावला आणि तिथंच तो प्रवास थांबला. घर गहाण टाकणारा माणूस मिळाला होता, पैसे मिळाले होते, पदक मिळालं होतं. तो गुडघा हातात घेऊन महिनोन् महिने त्याच्यावर काम करणारं कुणी नव्हतं. गुडघ्यात दुर्बीण घालून बघायची सोयही तेव्हा आपल्याकडं नव्हती.

आता दुसरा गुडघा. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट उपांत्यपूर्व फेरीत पडली आणि तिला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावं लागलं. आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलं. दोन वर्षांनी, २०१८ ला, तिनं आशियाई सुवर्ण जिंकलं, तेही आंदळकरांच्याच जकार्त्यात. दोघांच्या गुडघ्यांत काय फाटलं, काय वाचलं याची तुलना मी करत नाही. पण एकाच्या वेळी दुखापत म्हणजे शेवट होता आणि दुसरीच्या वेळी ती लांबलचक उपचारांची सुरुवात ठरली, हा फरक तुमच्या विद्येनं पाडलेला आहे.

आणि ही विद्या पुढं जकार्त्यापर्यंत पोचली, पण मी ती शिकायला जाण्याआधी वारणाकाठच्या माझ्या गावात ती पोचली नव्हती. माझा चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणायचो, जत्रेच्या मैदानात एकेरी पट काढताना पाय वळून पडला. गुडघ्यातून काहीतरी तुटल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला होता. रात्री गुडघा नारळाएवढा झाला. आम्ही प्रेमानं जे जे करता येईल ते केलं: गरम तेलानं चोळलं, ओढून बघितलं, वर घट्ट फडकं बांधलं. ताज्या दुखापतीला गरम आणि चोळणं दोन्ही नको, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही. तीन आठवड्यांत सूज उतरली. चालताना काही दुखत नव्हतं. दादा परत हौद्यात उतरला आणि पहिल्याच झटापटीत गुडघा हातातून निसटावा तसा निसटला. त्यानंतर तो कधी लढला नाही. आज उसाच्या सरीत चालतानासुद्धा त्याला पाऊल बघून टाकावं लागतं.

मी फिजिओथेरपी शिकायला गेलो त्याचं कारण तो गुडघा. दुसऱ्या वर्षी पुस्तकात गुडघ्यातल्या एसीएल या अस्थिबंधाचं चित्र पाहिलं तेव्हा वर्गातून उठून बाहेर येऊन बसलो होतो.

सूज उतरली म्हणजे बरा झाला, या एका समजुतीनं आपल्या भागातले किती पैलवान संपवले असतील! २०१६ साली ऑस्लोमधल्या रुग्णांचा एक अभ्यास ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये आला. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जितकं लांबवलं, तितकी दर महिन्यामागं गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यानं घटत गेली. नऊ महिने! वीस वर्षांच्या पोराला, ज्याच्या खुराकासाठी बापानं म्हैस विकलीय, नऊ महिने थांब म्हणून सांगायचं. टेप बांधणं कुणीही शिकेल. तुमचा खरा अभ्यास त्या ‘थांब’मध्ये आहे. आणि नुसतं थांब म्हणून भागत नाही. आज काय करायचं, पुढच्या आठवड्यात काय, मांडीची ताकद चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांवर कधी येईल, एका पायावर उडी मारून कधी बघायचं, हे त्याला रोज हातात द्यावं लागतं. रिकामा बसलेला पैलवान चौथ्या आठवड्यात चोरून हौद्यात उतरतोच.

विद्या म्हणून ही काही सगळीच बाहेरून आलेली नाही. सुश्रुतानं निखळलेल्या सांध्यांचे सहा आणि मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार सांगून ठेवलेत. आपले हाडवैद्यही हातानं हाड ओळखत आले. त्यांच्या हातांना मी नावं ठेवणार नाही, आणि तुम्हीही ठेवू नका. पण हातांना न दिसणारं आता तपासता येतं, ते तपासायलाच हवं. १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी घोट्यासाठी साधे नियम बसवले. घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटिमीटरांत दाबून दुखतं का? दुखापत झाली तेव्हा आणि आत्ता चार पावलं टाकता येतात का? पावलाच्या मधल्या दोन ठरावीक हाडांवर दाबून दुखतं का? सगळं ठीक असेल तर एक्स-रेची गरज बहुधा नसते. चांदोलीच्या अंगाला असलेल्या एखाद्या वाडीत कबड्डीच्या पोराचा पाय मुरगळला, संध्याकाळची एसटी निघून गेलीय आणि गाडी करायची तर पैसे नाहीत. तिथं ही तीन बोटांची तपासणी म्हणजे एका घराची आठवड्याची मजुरी वाचली.

मुलींविषयी थोडं सविस्तर बोलतो. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती जिंकली. त्यानंतर ज्या मुली तालमीत यायला लागल्यात, त्यांना शिकवणारे बहुतेक पुरुषच आहेत. वजन गटात बसायचं म्हणून मुलगी दोन-दोन दिवस जेवत नाही, पाणी तोडते. मग पाळी थांबते. ती ते कुणाला सांगणार? वस्तादांना? वडिलांना? आणि ती बिचारी समजते की बरं झालं, कटकट गेली. शरीराला लागेल एवढं अन्न मिळत नाही, त्याची ही खूण आहे. पुढं तिचीच हाडं ठिसूळ होतात आणि सरावातच चीर पडते. ऑलिंपिक समितीनं २०१४ ला या अवस्थेला रेड-एस असं नाव दिलं. आज पदवी घेणाऱ्या मुलींनो, तालमीच्या पायरीवर बसून हा एक प्रश्न विचारायला तिथं तुमच्याशिवाय कुणी नाही. तो विचारा. पहिल्यांदा ती लाजेल. दुसऱ्या वेळी स्वतःच बोलायला येईल.

आता वस्तादांविषयी. पदवी घेऊन तालमीत गेलात की पहिली अडचण तिथं येईल, आणि ती यायलाच हवी. त्यांनी त्या मातीत चाळीस वर्षं काढलीत. कोणतं पोर आज पाय ओढतंय, हे तुमच्या आधी त्यांना कळतं. त्यांच्यासमोर पदवी सांगायला जाऊ नका. महिनाभर पहाटे पाचला जाऊन नुसते बसा. पट, ढाक, घिस्सा, कलाजंग नीट बघा, कोणत्या डावात कोणता सांधा पिळतो ते ओळखा. मातीत पाय थोडा सरकतो, गादीवर बूट धरून ठेवतो आणि पिळा सगळा गुडघ्यात जातो, हे पुस्तकात वाचलं असलं तरी डोळ्यांनी बघा. मग एक दिवस वस्ताद स्वतः विचारतील, “ह्याचा खांदा जरा बघा हो.” त्या वेळी ‘खेळू नको’ एवढंच सांगून येऊ नका. “वस्ताद, महिनाभर जोर नकोत, पण बैठका मारू द्या, दोर चढायला लावू नका,” असं सांगा. पोराला हौद्याबाहेर काढायचा अधिकार त्यांचाच राहू द्या. तो त्यांनी तुमच्या शब्दावर वापरला, की समजा तुमचं शिक्षण पूर्ण झालं.

तुमच्यातले काही पुण्या-मुंबईला, प्रो कबड्डीच्या, क्रिकेटच्या संघांबरोबर जातील. जरूर जा. २०२१ च्या कायद्यानं फिजिओथेरपीसारख्या व्यवसायांना देशपातळीवरचा आयोग मिळालाय, दारं उघडतायत. मी कुणाला अडवायला आलेलो नाही.

माझी मागणी एवढीच आहे. माझ्या गावची जत्रा चैत्रात असते. मैदानाच्या खर्चाच्या यादीत इनामं असतात, हलगीवाले, मंडप, लाऊडस्पीकर, फेटे, सगळं असतं. काही वर्षांपूर्वी कमिटीनं मला पाहुणा म्हणून बोलावलं, फेटा बांधला आणि स्टेजवर बसवलं. समोर एका पोराचा खांदा निखळला. मी गर्दीतून वाट काढत खाली पोचेपर्यंत चार जणांनी तो हात धरून ओढला होता. पुढच्या वर्षी मी फेटा नको म्हणालो आणि आखाड्याच्या कडेला एक खुर्ची मागितली. पिशवीत बर्फ, पट्ट्या, फळ्या, हातमोजे. त्या खुर्चीवरून मी आजवर तीन कुस्त्या थांबवल्या. पहिल्या वेळी लोकांनी आरडाओरडा केला. तिसऱ्या वेळी पंचानंच माझ्याकडं बघितलं आणि शिट्टी वाजवली.

माझी नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि दोन आखाडे एका वेळी चालू असतात. म्हणून येत्या जत्रेला कमिटीला दोन खुर्च्या मांडायला सांगितल्यात. दुसरीवर कोण बसणार, ते समारंभानंतर चहाच्या वेळी मला येऊन सांगा.