कॅस्लनचे खिळे

लंडनच्या विल्यम कॅस्लनने अक्षरे कोरण्यापूर्वी बंदुकांवर नक्षी कोरली होती. 1734 साली त्याने आपल्या खिळ्यांचा नमुना-तक्ता छापला. त्यातले एकेक अक्षर सुटे पाहाल तर निराशाच व्हावी. वळणे असमान, मोठ्या ‘ए’चा शेंडा किंचित कोरल्यासारखा. पण तीच अक्षरे ओळीत बसली की पान एकजीव होते आणि वाचकाची दृष्टी थेट मजकुरावर जाते. जाड-बारीक रेघांतील फरक बेताचा, टोकांचे पाय भक्कम. म्हणून प्रदीर्घ गद्याला हा टाइप मानवतो. 1776 साली फिलाडेल्फियात डनलॅपने अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला तो याच वळणात. राजा नाकारला, राजाच्या देशाचे अक्षर नव्हे!

गुळगुळीत कागदावर मात्र हा टाइप जपून वापरावा. ओलसर, खरबरीत कागदात दाबून उठविण्यासाठी हे खिळे कोरलेले. शाई थोडी पसरणारच, हे त्यात गृहीत होते. तुकतुकीत कागदावर ते उपाशी दिसतात. 1990 साली कॅरोल ट्वॉम्ब्ली यांनी संगणकासाठी त्याचे नवे रूप रेखाटले, ते जुनी छापील पाने पुढे ठेवून. त्या पानांवर कॅस्लनचा हात कुठे संपतो आणि शाईचा फुगवटा कुठे सुरू होतो, हे ठरविणे सोपे नव्हे.