वीरूची हजेरी

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी फोनवर सांगितलं, "तू कम्प्युटरवाली आहेस, एआयवर दहा मिनिटं बोल." मी म्हटलं, त्यावर आपल्या ग्रुपवर रोजच चर्चा चालते, मी कुत्र्यांवर बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बरं, पण दहाच मिनिटं." तेव्हा वेळ न घालवता सुरू करते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे की २०२० मध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन मी चंद्रपूरला आले ती परत गेलेच नाही. तुकूमच्या पुढे, ताडोबाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला आमचं घर. मागे नाला, नाल्यापलीकडे बाभळी आणि झुडपं. आई-बाबा, मी आणि शेरू. शेरू गावठी, तेव्हाच आठ वर्षांचा होता. शहाणा, गंभीर, आपल्या वर्गाच्या मॉनिटरसारखा.

२०२२ च्या फेब्रुवारीत काय झालं ते चंद्रपूरकरांना सांगायला नको. वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारलं आणि लगेच दुर्गापुरात बिबट्याने सोळा वर्षांच्या मुलाला नेलं. संध्याकाळी पोरं घरात, दारं बंद. त्याच वर्षी दिवाळीनंतर बाबांनी अडीच महिन्यांचं एक पिल्लू घरी आणलं. म्हणाले, "शेरू म्हातारा झाला, त्याच्या जोडीले पाहिजे कोणी." शेरूचा भाऊ म्हणून नाव ठेवलं वीरू. पहिली चूक इथेच झाली, पण ती नंतर कळली.

वीरू चार-पाच महिन्यांचा झाला तेव्हा मी म्हटलं, बोलावल्यावर यायला याला शिकवू. बाबा हसले. "अवं बाई, त्याले कायले शिकवतं? शेरू शिकवते ना त्याले सारं." आणि खरंच तसं दिसत होतं. फाटकात उभी राहून मी "इकडे ये" म्हटलं की नाल्याच्या काठावरून शेरू वळायचा, त्याच्या मागे शेपूट हलवत वीरू. दोघंही हजर. शेजारी कौतुक करायचे आणि मी ते कौतुक खुशाल घ्यायचे.

मे महिन्यातली गोष्ट. आपला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, ४६-४७ अंश. दुपारी डांबरावर कुत्र्याचा पंजा भाजतो, म्हणून फिरवायचं ते पहाटे किंवा दिवस मावळताना. आणि बिबट्याचीही तीच वेळ. त्या आठवड्यात आमच्या ओळीतल्या एका घरचा कुत्रा रात्रीतून नाहीसा झाला होता. त्या संध्याकाळी शेरू आत कूलरसमोर झोपलेला. दूधवाल्याने फाटक उघडं ठेवलं आणि वीरू बाहेर. मी धावत गेले. तो नाला ओलांडून झुडपांच्या तोंडाशी पोहोचला होता. पलीकडच्या झाडावरून वानरं खॉक-खॉक करत होती. मी ओरडले, "वीरू, इकडे ये!" त्याने मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा झुडपाकडे चालायला लागला. दहा वेळा ओरडले असेन. आवाज फाटला, पण तो येईना.

बाबांनी शेरूला हलवून उठवलं आणि फाटकाशी आणलं. वीरूला तो दिसला मात्र, पोरगं धावत परत.

रात्री मला झोप लागली नाही. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं हेच करते आहे. आपल्याकडे नीट चालणारी गोष्ट ग्राहकाकडे बंद पडते, तेव्हा आपण समजत होतो त्या कारणाने ती चालतच नव्हती, असं निघतं. सकाळी तपासायला घेतलं. वीरूला एकट्याला अंगणात सोडून हाक मारली. दहातून दोनदा आला. मग शेरूला एकट्याला ठेवलं आणि भिंतीआडून, तो मला पाहू शकणार नाही अशा जागेवरून, बोलावलं. त्याचा कानही हलला नाही. टाळी वाजवली, ताट वाजवलं. काही नाही.

शेरूला ऐकू येत नव्हतं. किती दिवसांपासून, देव जाणे. तो यायचा ते फाटकातली मी किंवा माझी टॉर्च बघून. शेरू टॉर्चकडे बघून येत होता, वीरू शेरूकडे बघून येत होता, आणि मी समजत होते की माझी हाक दोघं ऐकतात. माझी हाक कोणीच ऐकत नव्हतं.

आपल्या वर्गात प्रॉक्सी कोण मारायचं ते इथे सांगत नाही, ते गृहस्थ पहिल्या रांगेत बसले आहेत. पण आपल्या बाई हजेरी घेताना नाव उच्चारल्यावर वर बघायच्या. "हजर" कोणाच्या तोंडून आलं ते बघितल्याशिवाय पुढचं नाव घ्यायच्या नाहीत. मी ते केलं नव्हतं. महिनोन्‌महिने वीरूची हजेरी शेरू लावत होता.

मग नव्याने सुरुवात केली. तुमच्यापैकी कोणाकडे मोठा कुत्रा असेल आणि पिल्लू आणायचा विचार असेल, तर हे ऐकून ठेवा.

पहिलं, नावं. शेरू आणि वीरू. लांबून मारलेल्या हाकेत फक्त शेवटचा "रूऽऽ" पोहोचतो. एवढी वर्षं व्हेरिएबलला वेगळी नावं द्या म्हणून ज्युनियर मुलांना बोलणारी मी, माझ्याच घरात हा गोंधळ! नाव बदलायला बाबा तयार नव्हते, म्हणून बोलावण्याचा शब्दच वेगळा ठरवला. "इकडे ये" तर वापरून गुळगुळीत झालेला. आंघोळीला इकडे ये, औषधाला इकडे ये, खेळ संपला इकडे ये. असल्या शब्दाला कोण येईल? नवा शब्द ठेवला "डब्बा!" मधल्या सुट्टीत आपल्याला सगळ्यात गोड लागणारा शब्द. त्या शब्दावर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा मिळणार म्हणजे मिळणार, आणि त्या शब्दाने बोलावून आंघोळ कधीच घालायची नाही.

दुसरं, पिल्लाचा अभ्यास एकट्याने. आधी घरात, मग अंगणात, मग बाहेर. बाहेर छातीच्या पट्ट्याला दहा मीटरची दोरी. गळ्याच्या पट्ट्याला लांब दोरी बांधू नका, धावताना मानेला हिसका बसतो. शब्द एकदाच उच्चारायचा. नाही आला तर पुन्हा ओरडायचं नाही, त्याच्या मागे धावायचं नाही, उलट आपण मागे पळायचं, म्हणजे तो आपल्यामागे येतो. आला की खाऊ, आणि बहुतेक वेळा पुन्हा मोकळं सोडायचं. नाहीतर त्याला वाटतं, हाक म्हणजे मजा संपली. उशिरा आला तरी रागवायचं नाही, कारण त्याच्या लेखी रागावणं हे येण्याबद्दल असतं. मी वहीत नोंद ठेवायची. दहातून नऊ वेळा आल्याशिवाय पुढची पायरी नाही. आठ-नऊ महिन्यांचा झाल्यावर सगळं विसरल्यासारखा वागायला लागला. त्या वयात हे होतंच, आपलं नववीत झालं तसं. पुन्हा दोरी लावली, दोन पायऱ्या मागे गेलो.

तिसरं, मोठ्याला विसरायचं नाही. वीरूच्या तासाला शेरू आत बंद, आणि तो दाराशी बसून असा रडायचा की आईच्या डोळ्यांत पाणी. म्हणून त्याचाही तास ठरवला. त्याच्यासाठी हात वर करून खाली आणायची खूण, अंधारात टॉर्च दोनदा उघडझाप. अकरा वर्षांचा म्हातारा चार दिवसांत शिकला. मग दोघांना एकत्र आणलं. ज्याला बोलावलं तो आला तर त्याला तुकडा, आणि जागेवर थांबलेल्यालाही जागेवर नेऊन तुकडा. हाक आपली आहे की दुसऱ्याची, हे कळायला वीरूला दोन महिने लागले.

शेवटची अडचण निघाली ती बाबांच्या रूपाने. माझ्या "डब्बा"ला वीरू यायचा, बाबांच्या नाही. सत्तरीतल्या माणसाला कुत्र्यामागे पळता येत नाही, म्हणजे खरी गरज त्यांनाच. मग रोज सकाळी कोंबडीचे पाच तुकडे बाबांच्या खिशात. आईचा त्या सदऱ्यांवरचा राग अजून गेलेला नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. हाक म्हणजे कुंपण नव्हे. अंधार पडल्यावर आमची कुत्री घरात असतात. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तिथल्या बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आपल्या गल्लीतला उकिरडा कुत्र्यांना बोलावतो आणि कुत्री बिबट्याला. आणि आपलं कुत्रं जंगलात सुटलं तर नुकसान त्याचं एकट्याचं नसतं. ते हरणांमागे लागतं, आजार नेतं. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये कॅनाइन डिस्टेंपर सापडला होता. म्हणून लसीकरणाची तारीख चुकवू नका.

मागच्या पावसाळ्यात शेरू गेला. झोपेतच गेला, त्याच्या आवडत्या पोत्यावर. तीन दिवस वीरू फाटकाशी बसून होता. चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी त्याला नाल्याकडे नेलं. मी मुद्दाम गेले नाही, गच्चीवरून बघत होते. वीरू काठाकाठाने बराच पुढे गेला, झुडपांपर्यंत. आता पुढे चालायला शेरू नव्हता. बाबांनी एकदाच हाक मारली, "डब्बा!" तो थबकला, वळला, आणि कान मागे पाडून सुसाट सुटला. बाबांच्या पायाशी येऊन बसला. बाबा खाली वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

गडचिरोलीच्या आपल्या मैत्रिणी सांगतात, मोहफुलं वेचायला जंगलात गेलेल्या बायका एकमेकींना सारख्या हाका मारत राहतात. ओ आली नाही की हातातली टोपली टाकून शोधायला निघतात. आपल्या जिल्ह्यांत हाकेला एवढं मोल आहे.

आज सकाळी बाईंनी जुन्या पटावरून आपली नावं वाचली. काही नावांना उत्तर आलं नाही, काहींना आता कधीच येणार नाही. एका नावाला मागून कोणीतरी सवयीने "हजर" म्हटलं, आणि बाईंनी मान वर करून बघितलं. तेवढ्यासाठी मी पुन्हा पाचवीत बसायला तयार आहे.

दहा मिनिटं झाली. जेवण तयार आहे असं मागून खुणावत आहेत. तेव्हा मित्रहो, डब्बा!